मेमरी मिळाली नाही तर?

ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या एका जुन्या प्रश्नाचा आढावा

नवरात्रात तुळजाभवानीच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांच्या हातात जे अँड्रॉइड फोन असतात, त्या प्रत्येकात लिनक्स कर्नेल चालू असतो. राजे शहाजी महाद्वारासमोर कोणी फोटोसाठी कॅमेरा उघडतं, तेव्हा त्या कॅमेऱ्याचा ड्रायव्हर चित्र साठवायला कर्नेलकडे मेमरी मागतो. फोन स्वस्तातला असेल आणि त्यात आधीच चार अ‍ॅप उघडी असतील, तर ही मेमरी मिळेलच असं नाही. ती मिळाली नाही तर पुढे तीन प्रकार घडू शकतात. ‘कॅमेरा उघडता येत नाही’ असा संदेश येतो आणि थोड्या वेळाने तोच कॅमेरा उघडतो. किंवा फोन गोठतो नाहीतर आपोआप रीस्टार्ट होतो. किंवा वरकरणी काहीच होत नाही, पण आत कुठेतरी चुकीच्या जागी लिहिलं जातं आणि त्याचा परिणाम तासाभराने भलत्याच ठिकाणी दिसतो. या तिन्हींपैकी काय घडणार हे ड्रायव्हर लिहिणाऱ्याने बऱ्याच आधी, दहा-बारा ओळींत ठरवून टाकलेलं असतं.

हा लेख त्या दहा-बारा ओळींबद्दल आहे. मेमरी न मिळणं ही ड्रायव्हरच्या आयुष्यातली साधी, अपेक्षित घटना आहे. धोका असतो तो न मिळाल्यानंतरच्या वाटेत, कारण ती वाट लिहिली जाते पण सहसा कोणी चालवून पाहत नाही.

कर्नेलमध्ये प्रश्न वेगळा का

साधा प्रोग्रॅम मेमरी मागतो तेव्हा लिनक्स बहुतेक वेळा लगेच ‘हो’ म्हणतो आणि खरी पानं, म्हणजे मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे, प्रोग्रॅम त्यांना हात लावेल तेव्हा देतो. पुढे तुटवडा पडलाच तर एखादी प्रक्रिया मारली जाते आणि बाकीचं यंत्र चालू राहतं. त्यामुळे मेमरी मागणाऱ्या मॅलॉक या फंक्शनचं उत्तर न तपासण्याची सवय लागते आणि ती बराच काळ खपूनही जाते. कर्नेलमध्ये ती खपत नाही. तिथे मॅलॉकच्या जागी असलेला केमॅलॉक खरी मेमरी तिथल्या तिथे देतो किंवा ‘नल’ परत करतो. ड्रायव्हरने त्या नलला पत्ता समजून वापरलं तर त्याला सावरायला खाली दुसरा कोणी नसतो.

मागणी फसण्याची कारणंही एकाच जातीची नाहीत. पहिलं म्हणजे सरळ तुटवडा. दुसरं तुकडे पडणं. मेमरी बहुतांश यंत्रांवर 4 केबीच्या पानांत वाटलेली असते आणि केमॅलॉकला सलग पानं लागतात. यंत्र बरेच दिवस चालू राहिलं की एकूण मोकळी मेमरी भरपूर, पण सलग तुकडा नाही, अशी स्थिती येते. कॅमेरा आणि व्हिडिओच्या हार्डवेअरला मोठे सलग तुकडे लागतात. त्यासाठी 2012 मध्ये लिनक्स 3.5 मध्ये सीएमए ही व्यवस्था आली. तिच्यात एक मोठा पट्टा बाजूला काढलेला असतो, त्यात हलवता येण्याजोगी पानं तात्पुरती राहतात आणि गरज पडली की ती दुसरीकडे सरकवली जातात. जिथे हार्डवेअरला सलग जागा लागत नाही तिथे 2017 पासून केव्हीमॅलॉक आहे. तो आधी सलग जागा शोधतो आणि न मिळाल्यास विखुरलेली पानं एकत्र जोडून देतो.

तिसरं कारण प्रसंगाचं. इंटरप्टच्या हँडलरमध्ये किंवा स्पिनलॉक धरलेला असताना थांबता येत नाही, म्हणून जे आत्ता हाताशी आहे तेवढ्यातच भागवावं लागतं. चौथी गोष्ट सर्वांत घातक: आकार बाहेरून आलेला असणं. वापरकर्त्याने सांगितलेल्या संख्येला नोंदीच्या आकाराने गुणलं आणि गुणाकार पूर्णांकाच्या मर्यादेबाहेर गेला, तर मागणी फसत नाही, उलट फारच छोटी होऊन मंजूर होते. मग ड्रायव्हर मोठी जागा समजून छोट्या जागेत लिहीत सुटतो. म्हणून अ‍ॅरेसाठी केकॅलॉक किंवा केमॅलॉक-अ‍ॅरे वापरायचा, कारण त्यांत गुणाकार तपासला जातो. शेवटी अ‍ॅरे असलेल्या स्ट्रक्चरसाठी 2018 मध्ये केस कुक यांच्या पुढाकाराने स्ट्रक्ट-साइझ हा मॅक्रो आला आणि कर्नेलभर अशा शेकडो जागा बदलण्यात आल्या.

मागण्याची रीत

लिनक्समध्ये मेमरी मागताना सोबत एक खूण द्यावी लागते. जीएफपी-कर्नेल म्हणजे ‘मी थांबू शकतो, हवं तर जुनी पानं डिस्कवर लिहून जागा कर’. जीएफपी-अ‍ॅटॉमिक म्हणजे ‘मी थांबू शकत नाही’. या मागणीला राखीव साठ्यातलाही थोडा वाटा मिळतो, तरी ती फसू शकते आणि गर्दीच्या वेळी फसतेच. नवशिक्याची ठरलेली चूक म्हणजे न थांबण्याच्या जागी जीएफपी-कर्नेल देणं. त्यानंतरची चूक, या धास्तीने सगळीकडे जीएफपी-अ‍ॅटॉमिक देणं. पहिलीने यंत्र अडकू शकतं. दुसरीने राखीव साठा विनाकारण संपतो आणि ज्याला तो खरोखर हवा त्या नेटवर्क कार्डाला मिळत नाही.

डिस्कच्या ड्रायव्हरची अडचण यापलीकडची आहे. मेमरी कमी पडली की कर्नेल जुनी पानं डिस्कवर लिहायला काढतो. ते लिखाण याच ड्रायव्हरमार्फत होणार. ड्रायव्हरने त्या कामासाठी जीएफपी-कर्नेलने मेमरी मागितली, तर कर्नेल जागा करण्यासाठी पुन्हा याच ड्रायव्हरकडे येईल आणि दोघंही एकमेकांची वाट पाहत राहतील. म्हणून जीएफपी-नोआयओ ही खूण आहे: जागा कर, पण त्यासाठी आयओ सुरू करू नकोस. खोल फंक्शनमध्ये ही खूण पोहोचवणं कठीण जातं. त्यासाठी 2013 पासून अशी सोय आहे की एका टप्प्यापुरतं ‘या थ्रेडच्या सगळ्या मागण्या नोआयओ समजा’ असं जाहीर करता येतं.

‘छोटी मागणी फसत नाही’

एक समज कर्नेल लिहिणाऱ्यांत बराच काळ होता आणि त्यात बरंच तथ्यही आहे: आठ पानांपर्यंतची, म्हणजे 32 केबीपर्यंतची जीएफपी-कर्नेल मागणी प्रत्यक्षात जवळपास कधीच फसत नाही. मेमरी वाटणारा कोड अशा मागणीसाठी पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि तेही पुरलं नाही तर ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलरला बोलावून एखादी प्रक्रिया मारून जागा करतो.

2014 च्या डिसेंबरमध्ये या वागण्यावर मोठी चर्चा झाली. जपानच्या तेत्सुओ हांडा यांनी एक्सएफएस फाइलसिस्टिमवर यंत्र कायमचं अडकतं हे दाखवून दिलं. एक प्रक्रिया लॉक धरून मेमरीची वाट पाहत होती. ओओएम किलरने मारायला निवडलेली प्रक्रिया तोच लॉक मिळण्याची वाट पाहत असल्याने मरत नव्हती, आणि ती मरत नसल्याने मेमरी मोकळी होत नव्हती. मागणी कधीच नाकारायची नाही, या चांगुलपणातून हा तिढा तयार झाला होता. 2016 मध्ये लिनक्स 4.6 मध्ये मिशाल होको यांचा ओओएम रीपर आला. मारायला निवडलेल्या प्रक्रियेच्या मरणाची वाट न पाहता तो तिची मेमरी काढून घेतो. त्याने तिढा बराच सुटला. पण छोट्या मागण्या रीतसर नाकारायला सुरुवात करावी, हा विचार मात्र मागे पडला. कारण सगळ्यांना ठाऊक होतं: हजारो ठिकाणच्या ‘मेमरी मिळाली नाही’ या फांद्या वर्षानुवर्षं कधी चाललेल्याच नव्हत्या. त्या एकदम चालू झाल्या असत्या तर त्यांत काय दडलंय हे कोणी सांगू शकलं नसतं.

यातून ड्रायव्हर लिहिणाऱ्याने कोणता अर्थ घ्यावा? उत्तर न तपासण्याची मुभा यातून मिळत नाही. मागणारी प्रक्रियाच ओओएमची बळी असेल तर छोटी मागणीही फसते. खूण बदलली, आकार वाढला किंवा पुढच्या आवृत्तीत वाटपाचं धोरण बदललं, की समज कोसळतो. ‘नोफेल’ नावाची, मागणी फसूच नये असं सांगणारी एक खूणही आहे. पण ती माघार घेणं अशक्य असलेल्या मोजक्या जागांसाठी, उदाहरणार्थ फाइलसिस्टिमच्या अर्धवट झालेल्या व्यवहारासाठी आहे. ड्रायव्हरला तिची गरज क्वचितच पडते, कारण ड्रायव्हर बहुतेक वेळा ‘आत्ता जमत नाही’ असं वरच्याला सांगू शकतो.

परतीची वाट

एका नेटवर्क ड्रायव्हरची सुरुवात जवळून पाहू. डिव्हाइस सापडल्यावर चालणाऱ्या प्रोब फंक्शनमध्ये चार पायऱ्या आहेत: स्वतःच्या स्ट्रक्चरसाठी मेमरी, पॅकेटच्या रिंगसाठी डीएमए मेमरी, इंटरप्टची नोंदणी आणि शेवटी नेटवर्क डिव्हाइस म्हणून नोंदणी. तिसरी पायरी फसली तर रिंगची मेमरी सोडायची, मग स्ट्रक्चरची, आणि चूक-क्रमांक परत करायचा. मांडव उतरवताना शेवटी बांधलेलं आधी सोडतात, तोच हा क्रम. लिनक्समध्ये हे गोटो आणि लेबलांनी लिहितात. अभियांत्रिकीच्या वर्गात गोटो वाईट असं शिकवलं जातं, पण इथे त्याने परतीचा मार्ग एकाच जागी, एकाच क्रमाने, वाचता येईल असा राहतो.

इथल्या चुका ठरावीक आहेत. नवी पायरी मधे घातली पण लेबल जुनंच ठेवलं, तर काहीतरी सुटायचं राहतं. भलत्या लेबलवर उडी मारली, तर न घेतलेली वस्तू सोडली जाते किंवा एकच वस्तू दोनदा सोडली जाते. सर्वांत फसवी चूक म्हणजे उडी बरोबर, साफसफाई बरोबर, पण परत करायच्या व्हेरिएबलमध्ये आधीच्या यशाचं शून्य तसंच राहिलेलं. ईनोमेम हा चूक-क्रमांक त्यात घालायचा राहून गेला. मग कर्नेलला वाटतं ड्रायव्हर तयार आहे, आणि तो सोडून दिलेल्या मेमरीवर काम सुरू करतो.

घेतलेल्या मेमरीचा आकार बदलणाऱ्या केरीअ‍ॅलॉकमध्ये असाच एक सापळा आहे. त्याचं उत्तर जुन्याच पॉइंटरमध्ये घेतलं आणि मागणी फसली, तर जुन्या मेमरीचा पत्ता पुसला जातो, मेमरी मात्र तशीच अडकून राहते. उत्तर आधी वेगळ्या पॉइंटरमध्ये घ्यायचं आणि ते नल नाही हे पाहूनच जुन्या जागी ठेवायचं.

नुसती तपासणी असून उपयोग नाही, ती योग्य जागी हवी, याचं ठळक उदाहरण 2009 चं आहे. लिनक्स 2.6.30 च्या टन या आभासी नेटवर्क ड्रायव्हरमध्ये एक पॉइंटर आधी वापरला होता आणि तो नल आहे का हे पुढच्या ओळीत तपासलं होतं. कंपायलरने तर्क केला की पॉइंटर आधीच वापरला आहे म्हणजे तो नल असूच शकत नाही, आणि तपासणीच काढून टाकली. ब्रॅड स्पेंगलर यांनी यातून थेट रूटचे अधिकार मिळवता येतात हे दाखवलं. तेव्हापासून कर्नेल बांधताना कंपायलरला अशा तपासण्या काढू नकोस असं स्पष्ट सांगितलं जातं. तिथला नल मेमरी न मिळाल्यामुळे आलेला नव्हता, पण धडा तोच: नल म्हणजे फक्त क्रॅश असं समजू नये. हल्लेखोराच्या हाती तो दरवाजाही ठरू शकतो.

मेमरी मिळाली नाही असा स्वतःचा संदेश ड्रायव्हरने छापण्याची सहसा गरज नसते. मागणी फसली की कर्नेल स्वतःच तपशीलवार इशारा छापतो. पॅच तपासणारी चेकपॅच ही स्क्रिप्ट असे जादा संदेश काढायला सांगते.

सोयीची साधनं आणि त्यांची मर्यादा

हातानेच सगळं सोडायचं तर चुका होणार, म्हणून 2007 मध्ये लिनक्स 2.6.21 मध्ये तेजुन हेओ यांची डेव्हरेस ही व्यवस्था आली. डेव्हएम-केझॅलॉकने घेतलेली मेमरी डिव्हाइसशी जोडलेली राहते. प्रोब फसला किंवा डिव्हाइस निघून गेलं, की कर्नेल ती उलट क्रमाने आपोआप सोडतो. यामुळे असंख्य ड्रायव्हरांतली लेबलं गेली आणि त्यांच्याबरोबर पुष्कळ बगही गेले.

पण सोय म्हणजे विचारातून सुटका नव्हे. यूएसबी कॅमेरा ओढून काढला तेव्हा एखाद्या प्रोग्रॅमने त्याची फाइल उघडीच ठेवलेली असेल, तर डिव्हाइसबरोबर मेमरी जाते आणि प्रोग्रॅम पुढच्या क्षणी त्याच मेमरीला हात लावतो. लॉराँ पँशार यांनी 2022 च्या लिनक्स प्लंबर्स परिषदेत नेमकं हेच मांडलं. मेमरीचं आयुष्य डिव्हाइसइतकं की उघड्या फाइलइतकं, हा निर्णय लिहिणाऱ्यालाच घ्यावा लागतो. 2023 मध्ये लिनक्स 6.5 पासून पीटर झिल्स्ट्रा यांनी आणलेली दुसरी सोय मिळाली. फंक्शनमधून बाहेर पडताना पॉइंटर आपोआप सुटेल असं जाहीर करता येतं. फंक्शनपुरत्या मेमरीसाठी ती उत्तम आहे.

आधीच घेऊन ठेवणं

सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे अपयश स्वस्त असलेल्या जागी ते येऊ देणं. प्रोबमध्ये मेमरी मिळाली नाही तर डिव्हाइस सुरू होत नाही, बस्स. तीच मागणी यंत्र झोपेतून उठताना किंवा डेटा अर्धा लिहून झाल्यावर केली, तर माघारीला जागा उरत नाही. म्हणून लागणारी मेमरी जमेल तेवढी सुरुवातीलाच घ्यावी.

नेटवर्क ड्रायव्हरमध्ये पॅकेट येताना हे फार सुंदर दिसतं. आलेलं पॅकेट वर पाठवण्याआधी ड्रायव्हर रिकाम्या होणाऱ्या जागेसाठी नवा बफर मागतो. मिळाला तर जुना वर जातो आणि नवा रिंगमध्ये बसतो. मिळाला नाही तर ते एक पॅकेट टाकून दिलं जातं आणि जुना बफरच पुन्हा रिंगमध्ये ठेवला जातो. टीसीपी ते पॅकेट पुन्हा मागवून घेते. हाच क्रम उलटा केला, म्हणजे आधी जुना वर पाठवला आणि मग नवा मागितला, तर तुटवड्यात रिंग हळूहळू रिकामी होते आणि मेमरी परत आल्यावरही कार्ड बंदच राहतं. दोन ओळींची जागा बदलण्याने हा फरक पडतो. डिस्कच्या बाजूला हेच काम मेमपूल करतो. किमान काही तुकडे राखून ठेवले जातात, जेणेकरून मेमरी मोकळी करण्यासाठी लागणारं लिखाण तरी पुढे सरकत राहील.

इतर कर्नेलांतलं उत्तर

फ्रीबीएसडीत निवड स्पष्ट आहे. थांबायला तयार असाल तर एम-वेटओके द्या, मग नल कधीच येणार नाही. थांबता येत नसेल तर एम-नोवेट द्या आणि नल तपासा. विंडोजमध्ये पूर्वी ‘मिळालीच पाहिजे’ असा वेगळा राखीव साठा होता आणि तो संपला की यंत्र निळ्या पडद्यावर थांबायचं. तो पुढे बंद करण्यात आला. विंडोजच्या ड्रायव्हर व्हेरिफायरमध्ये मेमरी मुद्दाम नाकारून ड्रायव्हरची परीक्षा घेण्याची सोय आहे.

रस्ट ही भाषा लिनक्समध्ये आणण्याचा प्रस्ताव 2021 च्या एप्रिलमध्ये आला, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांचा ठळक आक्षेप याच मुद्द्यावर होता. रस्टची नेहमीची लायब्ररी मेमरी मिळाली नाही की प्रोग्रॅम थांबवते, आणि कर्नेलला ते चालणार नाही. म्हणून कर्नेलसाठी अशी साधनं घडवली गेली, ज्यांत प्रत्येक मागणीचं उत्तर यश किंवा चूक असं येतं आणि ते दुर्लक्षिलं तर कंपायलर टोकतो. 2022 च्या डिसेंबरमध्ये लिनक्स 6.1 मध्ये रस्टचा पाया आला. साफसफाईचा क्रमही भाषाच सांभाळते. तरी कोणती खूण द्यायची आणि मागणी कधी करायची, हे रस्टमध्येही माणसालाच ठरवावं लागतं.

न चाललेली वाट चालवणं

परतीच्या वाटेची परीक्षा तिच्यावरून चालूनच होते. यासाठी 2007 च्या लिनक्स 2.6.20 पासून अकिनोबू मिता यांची फॉल्ट इंजेक्शन व्यवस्था आहे. फेलस्लॅब ही तिची शाखा ठरवलेल्या प्रमाणात मागण्या मुद्दाम नाकारते. 2017 पासून ‘या थ्रेडची अमुकावी मागणी नाकार’ असं नेमकं सांगता येतं. गुगलच्या सिझकॉलर या चाचणी-साधनाने याचा जबरदस्त उपयोग केला. तो सिस्टिम कॉल चालवतो, मग पहिली मागणी फसवून पुन्हा चालवतो, मग दुसरी, मग तिसरी. जोडीला वापरून झालेल्या मेमरीला हात लागला तर पकडणारा केएएसएएन आणि अडकलेली मेमरी शोधणारा केमेमलीक असतो. कोड न चालवता तपासणाऱ्यांत ज्युलिया लॉल यांचं कॉक्सिनेल आणि डॅन कार्पेंटर यांचा स्मॅच ही नावं कर्नेलच्या इतिहासात सतत दिसतात.

दुरुस्ती स्वतःच धोका कशी बनते हे 2021 च्या मिनेसोटा विद्यापीठ प्रकरणाने दाखवलं. काही संशोधकांनी किरकोळ दुरुस्ती भासणारे पण आत खोट असलेले पॅच पाठवून परीक्षकांची परीक्षा पाहिली होती. खोट लपवायला त्यांनी चुका हाताळणाऱ्या याच वाटा निवडल्या होत्या, कारण तिथे नजर कमी फिरते. ते उघड झाल्यावर त्या विद्यापीठाचे जुने चारशेहून अधिक पॅच पुन्हा तपासण्यात आले. बहुसंख्य बरोबर निघाले, पण 39 चुकीचे ठरले. हे चुकीचे पॅच वाईट हेतूने केलेले होते असं नाही. नलची तपासणी घालायची पण आधी घेतलेलं सोडायचं नाही, अशी अर्धी दुरुस्ती चांगल्या हेतूनेही होते. म्हणून फक्त ‘तपासणी घातली’ असं सांगणाऱ्या पॅचवर परीक्षकाने पहिला प्रश्न विचारावा: ही फांदी चालवून पाहिली का?

मुलांच्या हाती काय आहे

तुळजापुरात मंदिर संस्थानने 1983 मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केलं. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून मुलं तिथे येतात. कर्नेलचं काम पुण्या-बंगळुरूच्या मोठ्या कंपन्यांचं, असा समज अशा ठिकाणी सहज घर करतो. पुण्यात हे काम जुनं आहे हे खरं. कर्नेलचा केजीडीबी डीबगर बरीच वर्षं तिथल्याच लिनसिससॉफ्ट या छोट्या कंपनीने जोपासला. पण या लेखातल्या कामाला महागडं यंत्र लागत नाही. साधा लॅपटॉप, क्यूईएमयू हा एम्युलेटर, आणि फेलस्लॅब, केएएसएएन व केमेमलीक चालू करून बांधलेला कर्नेल पुरे. एखादा छोटा ड्रायव्हर निवडायचा, त्याची पहिली मागणी फसवायची, ड्रायव्हर काढून पुन्हा घालायचा, केमेमलीक काय म्हणतो ते पाहायचं, मग दुसरी मागणी फसवायची. काही सापडलं तर मूळ कारण समजून पॅच लिहायचा आणि आपण काय चालवून पाहिलं ते त्यात नोंदवायचं.

डेटा स्ट्रक्चर शिकवताना मॅलॉकच्या पुढची नलची तपासणी आपल्या वर्गांत ‘गुण कापले जाऊ नयेत म्हणून’ लिहिली जाते. ती ओळ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याकडून ती चालवूनही घ्यावी, आणि मागणी फसल्यावर प्रोग्रॅमने घेतलेलं सगळं परत केलं का यावर गुण द्यावेत. प्रात्यक्षिकाच्या एका तासात हे बसतं. ज्याने आपला कोड एकदा तरी मुद्दाम फसवून पाहिला, तो पुढे कोणत्याही फोनचा, पंपाचा किंवा दवाखान्यातल्या यंत्राचा ड्रायव्हर लिहील तेव्हा ‘आत्ता जमत नाही’ हे उत्तर नीट द्यायला शिकलेला असेल. त्या यंत्रांवर विसंबणाऱ्या माणसांना ड्रायव्हरकडून एवढीच अपेक्षा आहे, आणि ती पूर्ण करणं आपल्या आवाक्यात आहे.